करारभंग झाला म्हणजे करार संपला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लघुउद्योजकाने कारखान्याची शेड बांधून घेण्यासाठी कंत्राटदाराशी 40 लाख रुपयांचा, ठोक रकमेचा लेखी करार केला. करारात काम पूर्ण करण्याची तारीख होती, 'मुदत हा या कराराचा गाभा राहील' असे वाक्य होते, आणि त्याच्याच खालच्या कलमात उशीर झाल्यास दर आठवड्याला ठरावीक रक्कम कापून घेण्याची व सबळ कारण असल्यास मुदतवाढ देण्याची तरतूदही होती. मुदत उलटून चार महिने झाले आहेत आणि काम निम्म्याच्या थोडे पुढे आले आहे. 25 लाख रुपये देऊन झाले असून त्यांतला शेवटचा हप्ता मुदत संपल्यानंतर दिलेला आहे. आता कंत्राटदार म्हणतो की पोलादाचे भाव वाढल्यामुळे जुन्या रकमेत काम करणे अशक्य झाले आहे, आणि करारातील दैवी आपत्तीच्या कलमानुसार तो मोकळा झाला आहे. करार आपोआप संपला का, उरलेले 15 लाख द्यावे लागतील का, आणि दुसऱ्याकडून काम करून घेऊन त्याचा खर्च वसूल करता येईल का, असे प्रश्नकर्त्यांना विचारायचे आहे. जाता जाता त्यांनी असेही लिहिले आहे की मंजूर नकाशे द्यायला त्यांच्याकडून पाच आठवड्यांचा उशीर झाला होता, पण तो वेगळा विषय आहे. माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

करारभंग होणे ही एक घटना आहे आणि करार संपणे ही दुसरी. पहिली घटना दोष करणाऱ्या पक्षाच्या हातून घडते, तर दुसरी बहुतेक वेळा निर्दोष पक्षाच्या निर्णयातून घडते. समोरच्याने वचन मोडले की करार आपोआप विरघळतो आणि आपण सर्व जबाबदाऱ्यांतून मोकळे होतो, हा समज इतका सार्वत्रिक आहे की अनेक चांगली प्रकरणे त्यापायीच बिघडतात. निर्दोष पक्ष घाईने करार 'रद्द' करतो, त्याला तसा अधिकार नव्हता असे पुढे न्यायालय ठरवते, आणि ज्याने काम रखडवले तोच नुकसानभरपाई मागायला उभा राहतो. याच्या उलट, अधिकार असूनही तो महिनोन्महिने वापरला नाही आणि वागणुकीतून सोडून दिला, अशीही उदाहरणे तितकीच आहेत. म्हणून भंग कोणी केला याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात: ज्या दिवशी काम झाले नाही त्या दिवशी ते करण्याचे कर्तव्य खरोखर देय झाले होते का, आणि त्यानंतर दोन्ही पक्ष कसे वागले.

भारतीय करार कायदा 1872 मधील कलम 37 हा या विषयाचा पाया आहे. प्रत्येक पक्षाने आपले वचन पाळले पाहिजे किंवा ते पाळण्याची तयारी दाखवली पाहिजे, आणि यातून सुटका हवी असेल तर ती याच कायद्याने किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्याने दिलेली असली पाहिजे. म्हणजे पूर्तता हा नियम आहे, सूट हा अपवाद आहे, आणि अपवाद सिद्ध करण्याचा भार तो सांगणाऱ्यावर आहे. पूर्ततेची तयारी दाखवणे हेही पुरेसे ठरू शकते, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कंत्राटदार माणसे आणि साहित्य घेऊन योग्य वेळी, योग्य ठिकाणी, कोणतीही अट न घालता कामाला आला आणि मालकाने त्याला आत घेतले नाही, तर कलम 38 नुसार काम न झाल्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही आणि करारातील त्याचे हक्कही शाबूत राहतात. रागाच्या भरात फाटक बंद करून कंत्राटदाराला परत पाठवणाऱ्या मालकांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे.

आता त्या 'वेगळ्या विषयाकडे' येतो. बांधकामाचा करार हा परस्परांच्या वचनांचा करार असतो. मालकाने जागा मोकळी करून द्यायची, मंजूर नकाशे द्यायचे, हप्ते द्यायचे, आणि कंत्राटदाराने बांधायचे. या वचनांना एक क्रम असतो, आणि करारात तो स्पष्ट लिहिला नसेल तर व्यवहाराच्या स्वरूपावरून जो क्रम निघतो तो कलम 52 लागू करते. नकाशाशिवाय पाया खणता येत नाही हे सांगायला वकील लागत नाही. मालकाचे पहिले वचन रखडले असेल तर त्यावर अवलंबून असलेल्या कंत्राटदाराच्या वचनाची पूर्तता कलम 54 नुसार मागता येत नाही, उलट त्या उशिराने कंत्राटदाराचे नुकसान झाले असल्यास तेच मालकाकडून मागता येते. कलम 67 आणखी थेट आहे: वचन पाळण्यासाठी लागणाऱ्या वाजवी सोयी ज्याने दिल्या नाहीत, त्याच्या त्या चुकीमुळे जे काम झाले नाही त्याबद्दल समोरच्याला माफी मिळते. कायद्यातच दिलेले उदाहरण घरदुरुस्तीचे आहे. घराची दुरुस्ती नेमकी कुठे करायची ते मालकाने दाखवलेच नाही, तर त्यामुळे न झालेल्या दुरुस्तीसाठी कंत्राटदार जबाबदार राहत नाही.

म्हणून येथे चार महिन्यांचा उशीर सरसकट कंत्राटदाराच्या माथी मारता येणार नाही. पाच आठवडे वजा करूनच हिशेब सुरू करावा लागेल, आणि ते स्वतःहून वजा करावेत. न्यायालयात किंवा लवादासमोर समोरच्या वकिलाने हा मुद्दा आधी मांडला तर तुमच्या उरलेल्या सगळ्या तक्रारीवर संशयाची छाया पडते. तुमच्या नोटिशीतच तो मान्य असेल तर उरलेल्या अकरा-बारा आठवड्यांच्या उशिराचे कारण कंत्राटदाराला द्यावे लागते. त्यासाठी नकाशे नेमके कोणत्या तारखेला दिले त्याचा पुरावा शोधून ठेवा. पोच घेतलेली नसेल तर ई-मेल किंवा व्हॉट्सअॅपवरील संदेश चालेल, मात्र असा इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन बदलण्याआधी किंवा संदेश पुसले जाण्याआधी याची व्यवस्था केलेली बरी.

मुदतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुदत हा कराराचा गाभा असेल तर ती चुकताच कलम 55 नुसार करार संपवण्याचा पर्याय मालकाला मिळतो. मुदत गाभा नसेल तर करार चालू राहतो आणि मालकाला फक्त उशिराची भरपाई मागता येते. 'मुदत हा गाभा राहील' असे करारात लिहिलेले आहे म्हणजे प्रश्न मिटला असे प्रश्नकर्त्यांना वाटते, पण सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात नेमका हाच समज दुरुस्त केला. उशीर झाल्यास दंड आकारण्याची आणि मुदतवाढ देण्याची कलमे करारात असतील, तर काम मुदतीनंतरही चालू राहू शकते हे पक्षांनी स्वतःच गृहीत धरलेले असते, आणि अशी कलमे मुदत गाभा असल्याच्या वाक्याचे बळ साधारणपणे काढून घेतात, असा त्या निकालाचा आशय आहे. त्या प्रकरणात मुदत संपताच करार रद्द करणारे सरकारच चुकीचे ठरले. आपल्या करारात दोन्ही कलमे आहेत. त्यामुळे मुदत उलटली एवढ्याच कारणावर आज करार रद्द केल्याचे पत्र पाठवले, तर ते पत्रच तुमच्याकडून झालेला करारभंग ठरण्याचा धोका आहे.

त्यातच मुदतीनंतर हप्ता दिला गेला आहे. समजा मुदत गाभा होती असे मानले, तरी ती उलटून गेल्यावर पैसे देणे आणि 'लवकर करा, पण काम नीट झाले पाहिजे' असे कळवणे याचा अर्थ पर्याय सोडून देऊन करार पुढे चालू ठेवला असाच घेतला जाईल. शिवाय कलम 55 च्या शेवटच्या परिच्छेदात एक सापळा आहे. मुदत चुकल्यामुळे करार संपवण्याचा अधिकार असतानाही एखाद्याने उशिराचे काम स्वीकारले, आणि स्वीकारताना भरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाही, तर त्या उशिराची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. एका ओळीचे पत्र पुरते: 'हा हप्ता आमचे उशिराबाबतचे सर्व अधिकार अबाधित ठेवून देत आहोत.' ही ओळ लिहायला लोक का कचरतात हे मला समजू शकते, कारण चालू कामात संबंध बिघडवायचे नसतात. पण सभ्य भाषेत अधिकार राखून ठेवल्याने संबंध बिघडल्याचे मी फारसे पाहिलेले नाही, आणि न राखल्याने दावा हरल्याचे पुष्कळ पाहिले आहे.

गमावलेली जागा परत मिळवता येते. मुदत एकदा सैल झाली म्हणजे ती कायमची गेली असे नाही. वाजवी नवी मुदत देऊन, तिच्या आत काम पूर्ण न झाल्यास करार संपवण्यात येईल असे स्पष्ट बजावणारी नोटीस दिली, तर ती नवी मुदत गाभ्याची होऊ शकते. 'वाजवी' म्हणजे किती हे उरलेल्या कामावर ठरते. छप्पर बाकी असताना आठ दिवस देणे म्हणजे नोटिशीचे नाटक, आणि न्यायाधीशांना ते कळते.

आता पोलादाच्या भावाकडे वळू. येथे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि कंत्राटदाराने ते एकमेकांत मिसळले आहेत. करारातच दैवी आपत्तीचे कलम असेल आणि घडलेली घटना त्या कलमात बसत असेल, तर सुटका त्या कलमाच्या शब्दांनुसार मिळते. घटना कलमाच्या बाहेरची असेल तरच कायद्याचे कलम 56, म्हणजे करार झाल्यानंतर उद्भवलेली अशक्यता, विचारात येते. ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एनर्जी वॉचडॉग प्रकरणात स्पष्ट केली. तेथे वीज कंपन्यांचा दावा असा होता की इंडोनेशियाने कोळशाच्या किमतीचे नियम बदलल्यामुळे आयात कोळसा महागला आणि ठरलेल्या दराने वीज देणे परवडेनासे झाले. कराराचा मूळ पायाच ढासळला असे न्यायालयाला वाटले नाही. वचन पाळणे अधिक खर्चिक झाले एवढ्याने ते अशक्य होत नाही. याच दिशेचा 1960 चा अलोपी प्रसाद निकाल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी तूप पुरवणाऱ्या एजंटांचा होता. युद्धामुळे परिस्थिती पार बदलली म्हणून ठरल्यापेक्षा जास्त दर द्यावा ही त्यांची मागणी फेटाळली गेली.

कलम 56 मधील 'अशक्य' याचा अर्थ केवळ शारीरिक अशक्यता नव्हे, हे खरे आहे. 1954 च्या सत्यव्रत घोष प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले की करण्याजोगी गोष्टसुद्धा, पक्षांनी डोळ्यांपुढे ठेवलेला हेतूच नष्ट झाल्यामुळे, व्यवहाराच्या दृष्टीने अशक्य ठरू शकते. कंत्राटदारांचे वकील हे वाक्य आवर्जून उद्धृत करतात, पण त्या प्रकरणाचा शेवट सांगत नाहीत. कलकत्त्यातील भूखंड विकसित करून विकण्याचा तो करार होता, युद्धकाळात सरकारने ती जमीन तात्पुरती ताब्यात घेतली, आणि विकासक कंपनीने करार संपल्याचे जाहीर केले. न्यायालयाने ते नाकारले. ताबा तात्पुरता होता, कामाला निश्चित मुदत ठरलेली नव्हती, आणि युद्धकाळात अडचणी येणार हे करार करताना पक्षांना माहीत होते. इंग्लंडमध्येही 1956 साली सुएझ कालवा बंद झाल्यावर पोर्ट सुदानहून हॅम्बुर्गला भुईमूग पाठवणाऱ्या विक्रेत्याला सुटका मिळाली नाही, कारण आफ्रिकेला वळसा घालणारा लांबचा व महाग मार्ग खुला होता. ठोक रकमेचा करार करणारा कंत्राटदार भाववाढीची जोखीम किमतीत धरूनच सही करतो. भाव पडले असते तर त्याने फरक परत केला नसता.

दैवी आपत्तीच्या कलमाचे शब्द मात्र तरीही वाचलेच पाहिजेत. प्रश्नकर्त्यांनी पाठवलेल्या मजकुरात युद्ध, पूर, भूकंप, संप आणि सरकारी बंदी यांचा उल्लेख आहे, भाववाढीचा नाही. अशी कलमे न्यायालये काटेकोरपणे वाचतात. शिवाय बहुतेक कलमांत घटना घडल्यावर ठरावीक दिवसांत लेखी कळवण्याची अट असते, आणि कंत्राटदाराने असे काही कळवल्याचे प्रश्नात कुठे दिसत नाही. टाळेबंदीच्या काळात मुंबई उच्च न्यायालयासमोर पोलाद आयातदारांनी अशीच सुटका मागितली होती. 8 एप्रिल 2020 च्या आदेशात न्यायालयाने नमूद केले की आपत्तीचे ते कलम केवळ विक्रेत्याला उपलब्ध होते, पोलादाचे वितरण अत्यावश्यक सेवेत मोडत होते, आणि टाळेबंदी ही मर्यादित काळापुरती असल्याने आयातदारांना विक्रेत्याचे पैसे देण्याचे बंधन टाळता येणार नाही. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हॅलिबर्टन प्रकरणात याला आणखी एक जोड दिली: आपत्ती येण्याच्या आधीपासूनच जो पक्ष कसूर करत होता, त्याला नंतर आलेल्या आपत्तीच्या आड लपता येत नाही. आपल्या प्रकरणात पोलादाचे भाव मूळ मुदतीच्या आत वाढले की मुदत संपल्यानंतर, ही तारीख म्हणूनच शोधून काढायला हवी. भाव मुदतीनंतर वाढले असतील, तर कंत्राटदाराच्या अडचणीचे मूळ त्याच्याच उशिरात आहे.

जेथे खरोखर अशक्यता सिद्ध होते तेथे परिणाम वेगळे असतात हे थोडक्यात सांगतो. करार कलम 56 खाली आपोआप निरर्थक होतो, कोणालाही पर्याय निवडावा लागत नाही, कोणीही दोषी नसल्यामुळे भरपाईही नसते, आणि तोवर मिळालेला लाभ कलम 65 नुसार परत करावा लागतो. मृत्यूचे तसे नाही. वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून नसलेली वचने वारसांवरही बंधनकारक राहतात.

कंत्राटदाराच्या ताज्या पत्राकडे आता कलम 39 च्या नजरेतून पाहू, कारण तुमच्यासाठी सर्वांत मोठी संधी तेथे आहे. एखाद्या पक्षाने आपले वचन संपूर्णपणे पाळण्यास नकार दिला, किंवा ते पाळण्यास स्वतःला असमर्थ करून घेतले, तर समोरच्याला करार संपवता येतो, मात्र त्याने शब्दांनी किंवा वागणुकीने करार चालू ठेवण्यास संमती दिलेली नसली पाहिजे. कायद्यातील उदाहरण गायिकेचे आहे. नाट्यगृहाशी तिने दोन महिने आठवड्यातून दोन रात्री गाण्याचा करार केला आणि सहाव्या रात्री जाणूनबुजून गैरहजर राहिली, तर व्यवस्थापक करार संपवू शकतो. पण सातव्या रात्री त्याने तिला गाऊ दिले, तर करार संपवण्याचा अधिकार गेला, आणि सहाव्या रात्रीची भरपाई तेवढी उरली. मुदतीनंतर हप्ता देणारा मालक त्या व्यवस्थापकाच्याच जागी उभा आहे, परंतु त्याच्या सुदैवाने गायिकेने आता पुन्हा दांडी मारली आहे.

अर्थात, दर वाढवून देण्याची विनंती म्हणजे नकार नव्हे. 'भाव वाढले आहेत, काही विचार व्हावा' असे लिहिणारा कंत्राटदार करार नाकारत नाही. 'वाढीव दर दिल्याशिवाय पुढचे काम होणार नाही, मी करारातून मोकळा झालो आहे' असे लिहिणारा नाकारतो. प्रश्नात दिलेल्या वाक्यांवरून हे दुसऱ्या प्रकारचे पत्र वाटते, तरी संदिग्धता ठेवू नये. 'जुन्या रकमेत आणि जुन्या अटींवर काम पूर्ण करण्यास आपण तयार आहात की नाही, ते अमुक दिवसांत लेखी कळवावे' असा प्रश्न नोटिशीत विचारा. उत्तर 'नाही' आले, किंवा उत्तरच आले नाही आणि काम बंदच राहिले, तर नकार सिद्ध करणे बरेच सोपे होते.

नकार मिळाल्यावर निर्णय लांबवू नका. इंग्लंडमधील 1853 च्या हॉचस्टर प्रकरणाने मुदतीआधीच नकार मिळाल्यास ताबडतोब दावा करता येतो हे प्रस्थापित केले, पण त्याची दुसरी बाजू 1855 च्या एव्हरी विरुद्ध बाउडन या प्रकरणात दिसते. ओडेसा बंदरात जहाजावर माल भरून देण्याचे ठरले होते. जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या एजंटाने माल नाही असे सांगितले, तरी कप्तान आशेने थांबून राहिला, आणि माल भरण्याची मुदत संपण्याआधीच रशियाशी युद्ध जाहीर होऊन ते काम बेकायदा ठरले. आधीचे बोलणे नकारच होते असे धरले तरी कप्तानाने तो स्वीकारलेला नव्हता, करार जिवंत होता, आणि म्हणून युद्धाने मिळालेल्या सुटकेचा फायदा दुसऱ्या पक्षालाही मिळाला. करार जिवंत ठेवणारा तो दोघांसाठीही जिवंत ठेवतो.

दुसऱ्याकडून काम करून घेण्याविषयी 2018 पूर्वीचे सल्ले आता अपुरे आहेत. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम 1963, म्हणजे कराराची प्रत्यक्ष पूर्तता करून घेण्याविषयीचा कायदा, यात 2018 साली दुरुस्ती झाली, ती 1 ऑक्टोबर 2018 पासून अमलात आली, आणि त्यातील नव्या कलम 20 ने भंग सोसणाऱ्या पक्षाला तिसऱ्या व्यक्तीकडून किंवा स्वतःच्या यंत्रणेकडून काम पूर्ण करून घेऊन त्याचा खर्च भंग करणाऱ्याकडून वसूल करण्याचा स्पष्ट मार्ग दिला. त्यासाठी मुदत नमूद केलेली किमान तीस दिवसांची लेखी नोटीस आधी द्यावी लागते, आणि काम प्रत्यक्षात करून घेतल्याशिवाय या कलमाखाली खर्च मागता येत नाही. हा मार्ग घेतल्यावर मूळ कंत्राटदाराकडूनच काम करून घेण्याचा दावा उरत नाही, मात्र भरपाईचा हक्क राहतो. नवा कंत्राटदार आधी आणून नंतर नोटीस देणारे उद्योजक हा हक्क स्वतःच्या हाताने घालवतात. मी वर सुचवलेली मुदतीची नोटीस, दराबाबतचा प्रश्न आणि ही तीस दिवसांची नोटीस एकाच कागदात बसवता येतात, आणि तसेच करावे.

उरलेल्या 15 लाखांचे काय, हा प्रश्न पैशांच्या हिशेबाचा आहे. करार योग्य रीतीने संपवल्यावर पुढच्या हप्त्यांचे बंधन राहत नाही. समजा उरलेले काम नव्या कंत्राटदाराकडून 22 लाखांत झाले. मूळ करार पूर्ण झाला असता तर तुम्हाला आणखी 15 लाख द्यावेच लागले असते, म्हणून नुकसान 22 लाखांचे नसून 7 लाखांचे आहे. संपूर्ण 22 लाख मागणाऱ्या नोटिसा मी दर काही महिन्यांनी वाचतो, आणि त्या पाहून समोरचा वकील खूश होतो. उलट बाजूही तपासा: कंत्राटदाराने केलेल्या कामाची किंमत दिलेल्या 25 लाखांपेक्षा जास्त भरली, तर तो फरक त्याच्या खात्यावर जमा धरावा लागेल. करार संपवणाऱ्याने मिळालेला लाभ परत केला पाहिजे, आणि त्यातून आपले नुकसान वळते करावे, ही भूमिका प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1943 मध्येच घेतली होती, आणि तेथे लाभ परत मागणारा पक्ष स्वतःच कसूर करणारा होता. म्हणून जुना कंत्राटदार गेल्यावर आणि नवा येण्याआधी, स्वतंत्र अभियंत्याकडून मोजमाप, छायाचित्रे आणि पंचनामा करून घ्या, आणि त्याची पूर्वसूचना जुन्या कंत्राटदाराला द्या. नवे काम जुन्यावर चढले की कोणाचे किती ते ठरवणे जवळपास अशक्य होते.

शेड वेळेत न मिळाल्यामुळे बुडालेला नफा मागता येईल का, हे कलम 73 वर अवलंबून आहे. नेहमीच्या ओघात उद्भवणारे, किंवा करार करताना दोघांनाही संभाव्य म्हणून माहीत असलेले नुकसान मिळते, दूरचे मिळत नाही. कायद्यातील गिरणीचे उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते. यंत्राअभावी गिरणी बंद आहे हे वाहतूकदाराला सांगितले होते, त्याने यंत्र पोहोचवायला उशीर केला, आणि त्यामुळे सरकारी कंत्राटही हातचे गेले. गिरणी चालली असती तर त्या काळात जो सरासरी नफा झाला असता तो मिळतो, सरकारी कंत्राटाचे नुकसान मिळत नाही. तुमचा एखादा मोठा ग्राहक गेला असेल आणि त्याच्याविषयी कंत्राटदाराला करार करताना काहीच सांगितलेले नसेल, तर त्या रकमेच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये. नुकसान कमी ठेवण्यासाठी उपलब्ध असलेले उपायही विचारात घेतले जातात, त्यामुळे वर्षभर हातावर हात ठेवून बसून वाढलेली रक्कम मिळणार नाही.

दर आठवड्याच्या कपातीची रक्कम कलम 74 खाली येते. करारात लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. फतेहचंद प्रकरणापासून, म्हणजे 1963 पासून, न्यायालये वाजवी भरपाईच देतात, आणि 2015 च्या कैलास नाथ निकालाने काहीच नुकसान झाले नसेल तर काहीच मिळणार नाही हे पुन्हा ठासून सांगितले. जेथे नुकसान मोजणे अवघड आहे आणि आकडा प्रामाणिक पूर्वअंदाज आहे, तेथे पुराव्याचा भार हलका होतो. पर्यायी जागेचे भाडे, कर्जावरील व्याज, पडून राहिलेल्या यंत्रांची बिले यांची कागदपत्रे म्हणून जपून ठेवा, आणि नकाशांचे पाच आठवडे या कपातीतून वगळा.

तडजोडीची शक्यता प्रश्नकर्त्यांनी विचारलेली नाही, पण व्यवहारात बहुतेक अशी प्रकरणे तेथेच संपतात. दोघांनी मिळून नवा करार केला तर कलम 62 नुसार जुना करार पाळण्याची गरज उरत नाही, म्हणून जुन्या उशिराची भरपाई सोडायची नसेल तर नव्या कागदात तसे लिहावेच लागते. कलम 63 तर वचन मिळालेल्या पक्षाला कोणताही मोबदला न घेता ते माफ करू देते. 5,000 रुपये येणे असताना 2,000 रुपये पूर्ण फेड म्हणून स्वीकारले तर संपूर्ण कर्ज फिटते, असे तेथील उदाहरण आहे. इंग्लंडचा कायदा याबाबतीत बराच कडक आहे. आपल्याकडे त्यामुळे 'पूर्ण व अंतिम' असे लिहिलेल्या पावतीवर सही करताना हात थांबला पाहिजे. दबावाखाली सही घेतली हे नंतर सिद्ध करता येते, परंतु नुसते तसे म्हणून भागत नाही.

करारात लवादाचे कलम असेल तर दावा दिवाणी न्यायालयाऐवजी लवादाकडे जाईल, आणि आधी परस्पर चर्चेची पायरी लिहिलेली असेल तर ती ओलांडू नका. करारभंगाच्या भरपाईसाठी, दावा किती काळात लावायचा हे ठरवणाऱ्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद 55 नुसार, करार मोडल्यापासून तीन वर्षे मिळतात. येथे भंग केव्हा झाला यावरच वाद होऊ शकतो, मूळ मुदतीच्या दिवशी, वाढीव मुदत संपल्यावर की नकाराचे पत्र आले त्या दिवशी. नोटिसा आणि वाटाघाटी चालू असताना ही तीन वर्षे थांबत नाहीत, तेव्हा ती करारातील मूळ तारखेपासूनच मोजावीत.